निकालाची संध्याकाळ

दहावीच्या निकालाच्या संध्याकाळी मुलगा पान तसेच टाकून उठतो, वडील वर्तमानपत्रातून मान वर करीत नाहीत आणि शेजाऱ्यांनी पाठविलेल्या पेढ्यांना कोणी हात लावीत नाही. घडलेले इतकेच, की गणितात १०० पैकी ३८ गुण मिळाले!

हा आकडा सांगतो तरी काय? परीक्षेच्या मोजक्या तासांत कागदावर काय उतरले, एवढेच. मुलाची बुद्धी वा सचोटी त्याने मोजिली जात नाही. तथापि आकडा खोटा ठरवून झिडकारणे हेही शहाणपणाचे नव्हे. त्याची चौकशी करावी. महाराष्ट्रात राज्य मंडळाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागविता येते. ती शिक्षकांसह शांतपणे वाचावी. तपासणीविषयी शंका उरलीच, तर पुनर्मूल्यांकनाचा मार्ग आहे. बीजगणित ४० गुणांचे, भूमितीही ४० गुणांची; घसरण कोठे झाली? आकृती जमते, सिद्धता अडते, एवढे उमगले तरी निराशेच्या जागी काम उभे राहते. ३५ च्या खाली राहिलेल्यास पुरवणी परीक्षा असते. उत्तीर्ण झालेल्यास श्रेणीसुधाराची संधी असते.

परंतु हे सारे दुसऱ्या दिवशीचे. पहिल्या रात्री इतरांच्या मुलांशी तुलना नको, बोलणी नकोत, आणि मुलास एकटे सोडणे तर नकोच. वडिलांनी वर्तमानपत्र बाजूस ठेवावे, त्याच्या पानाशेजारी आपले पान मांडावे आणि म्हणावे, "चल, आधी जेवून घेऊ. गणिताचे उद्या पाहू."