गर्दीला नाव नसतं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आज तुमच्याशी एका खेळाविषयी बोलायचं आहे. खेळ म्हटलं की क्रिकेट, कबड्डी, फार तर बुद्धिबळ आपल्या डोळ्यांपुढे येतं. हा खेळ मात्र जेवणाच्या टेबलाभोवती बसून, कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा. त्याचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. एकजण सूत्रधार होतो, गोष्ट सांगू लागतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि 'आता मी असं करतो' असं बोलून ती गोष्ट पुढे नेतात. जमेल की नाही याची शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा.

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. शनिवारी रात्री त्याची मित्रमंडळी बहिणीच्या घरी जमतात. एका शनिवारी एक भिडू आला नाही. भाचा म्हणाला, "मामा, तू बस ना. तुला पॅलाडिन देतो. जन्मभर मास्तरकी केलीस, तुला शोभेल."

पॅलाडिन म्हणजे कोण? हा शब्द लॅटिनमधल्या राजवाड्यावरून आला. सम्राट शार्लमेनच्या दरबारातल्या बारा वीरांना मध्ययुगातल्या कथाकाव्यांनी हे नाव दिलं. या खेळात पॅलाडिन १९७५ साली आला. तो धर्मनिष्ठ योद्धा. हात ठेवून जखमा बऱ्या करतो, आणि मनात आणलं की समोरच्यात दुष्टपणा आहे का हे त्याला कळतं. पण या शक्ती फुकट नाहीत. १९७८ च्या नियमपुस्तकात असं होतं, की पॅलाडिननं जाणूनबुजून दुष्कृत्य केलं तर त्याचं पॅलाडिनपण कायमचं गेलं. ही मुलं खेळतात ते २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीप्रमाणे. त्यात प्रायश्चित्ताची सोय आहे, पण आचारसंहिता कडकच. न्याय्य सत्तेचा मान राखायचा, खोटं बोलायचं नाही, विष वापरायचं नाही, अडलेल्याला मदत करायची आणि निरपराधांना छळणाऱ्याला शासन करायचं.

वाचताना वाटलं, सोपं आहे. आपण शाळेत दुसरं काय शिकवत होतो?

भाच्यानं गोष्ट सुरू केली. आम्ही संध्याकाळी एका खेड्यात पोचतो. गावची पिठाची गिरणी जळलेली. आत गिरणीवाल्याची दोन मुलं होती, ती गेली. गावानं एका परक्या माणसाला पकडून झाडाला बांधलंय. शंभरएक माणसं, हातात पलिते, फांदीवर दोर टाकलेला. न्यायाधीशाचं गाव दोन दिवसांच्या वाटेवर.

मी आधी माझी शक्ती वापरली. "हा दुष्ट आहे का?" सूत्रधारानं सांगितलं, "आहे."

टेबलावरची मुलं म्हणाली, "झालं की मग!" मीही क्षणभर थबकलो. पण मग लक्षात आलं, की माणूस वाईट आहे एवढंच मला कळलं होतं. आग त्यानं लावली की नाही, हे त्यातून कळत नव्हतं. स्वभाव हा पुरावा नव्हे. वर्गात खडू चोरीला गेला की आपण आधी त्याच ठरलेल्या मुलाकडे बघतो. ही सवय माझ्याही अंगात होतीच.

दुसरा पेच सत्तेचा. गावचा पाटील गर्दीत पुढे उभा होता. न्याय्य सत्तेचा मान राखायचा, तर मग पाटलाचं ऐकायचं का? मी त्याला विचारलं, "याचं म्हणणं कुणी ऐकलंय? आग लावताना कुणी पाहिलंय? हा निकाल तुमच्या नावानं लिहून देता का?" पाटील मागे सरकला. मी लोकांना विचारलं, "दोर कोण ओढणार? त्यानं पुढे येऊन आपलं नाव सांगावं." कुणी पुढे येईना. तेव्हा मला उमगलं, की न्यायालय आणि जमाव यांत हाच तर फरक आहे. न्यायाधीश निकालाखाली सही करतो. चुकला तर वरच्या कोर्टात त्याच्या नावानिशी ते मांडता येतं. गर्दीला नाव नसतं, आणि तेवढ्यासाठीच माणसं गर्दीत शिरतात.

तिसरा पेच आमच्याच बाजूचा. चोराचं पात्र घेतलेला मुलगा कानाशी लागला, "काका, सांगा ना, राजाचे सैनिक मागून येताहेत म्हणून. पांगतील सगळे." युक्ती नामी होती, पण पॅलाडिनला खोटं बोलता येत नाही. मग तलवार काढायची? कुणावर? ज्यांची दोन लेकरं सकाळी जळून गेली त्या लोकांवर? ते दुष्ट नव्हते, दुःखानं वेडे झाले होते. हा नियम किती शहाणपणाचा आहे हे मला तिथे कळलं. खोटं आणि तलवार हे दोन्ही सोपे रस्ते बंद केले, की माणसाला बोलावं लागतं.

मी बोललो. "मी याला न्यायाधीशापुढे नेतो. गिरणीवाल्यानं माझ्याबरोबर यावं. हा वाटेत पळाला, तर याच्या जागी मला टांगा." भाचा म्हणाला, "छान बोललास मामा, आता फासा टाक." माझ्या पात्राचे गुण मिळवून बेरीज वीस व्हायला हवी होती. फासा पडला चार.

दगड सुरू झाले. मी ढाल घेऊन झाडापुढे उभा राहिलो. मारलं कुणालाच नाही. डोकं फुटलं, दोन फाशांत निम्मा जीव गेला. तेवढ्यात चोरानं मागून दोर कापले आणि बाकीच्यांनी त्या माणसाला गाडीत घालून काढला. दोन दिवसांनी न्यायाधीशासमोर सुनावणी झाली. गिरणीवाला आला होता. साक्षी झाल्या, आणि निकाल लागला: आग त्यानंच लावली होती.

टेबलावर शांतता पसरली. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे काका, तुम्ही उगाचच मार खाल्लात."

श्रोतेहो, या वाक्यानं मी त्या रात्री झोपलो नाही. त्याचं कारण आजवर कुणाला सांगितलेलं नाही, ते सांगतो. १९७९ साल असेल. मी कॉलेजात होतो. आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर एका पाकीटमाराला लोकांनी धरलं होतं. माझ्याच वयाचा असेल. मी वह्या काखेत धरून पुढे घुसलो आणि एक थप्पड मारली. का मारली? सगळे मारत होते म्हणून. पोलीस आले तेव्हा त्याला उभं राहता येत नव्हतं. पुढे त्याचं काय झालं, मी कधी चौकशी केली नाही. इतकी वर्षं मी मनाला एकच सांगत आलो, पाकीट त्याच्याच खिशात सापडलं होतं ना! तो चोरच होता.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, की मार उगाच खाल्ला नाही. तो माणूस दोषी निघाला म्हणून गर्दी बरोबर ठरत नाही. गर्दीला ते ठाऊकच नव्हतं. तिनं दोर आधी टाकला होता, आणि झाडाला निरपराध माणूस बांधलेला असता तरी तोच दोर त्याच गळ्याभोवती आवळला असता. गिरणीवाल्यालाही आपल्या मुलांचं काय झालं हे न्यायालयातच समजलं. फांदीखाली त्याला नुसतं एक प्रेत मिळालं असतं.

हा खेळ ज्या देशात जन्मला तिथे हा प्रश्न कल्पनेतला नाही. अब्राहम लिंकन यांनी १८३८ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, स्प्रिंगफील्डमध्ये केलेल्या भाषणाचा विषयच झुंडशाही हा होता. झुंडबळींविरुद्ध राष्ट्रीय कायदा करण्याचं विधेयक तिथे जॉर्ज हेन्री व्हाइट यांनी १९०० साली मांडलं. कायदा झाला २०२२ साली. आणि आपण? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना लोकांनी ठार मारलं. ते पाचही जण निरपराध होते. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं झुंडबळी रोखण्यासाठी सरकारांना निर्देश दिले.

भाचा सांगतो, की आता खेळाचे नियम बदललेत. २०१४ च्या आवृत्तीत पॅलाडिन वेगवेगळ्या शपथा घेऊ शकतो, त्यात एक सूडाचीही आहे. तशा पॅलाडिननं कदाचित स्वतःच दोर ओढला असता. मला ते पटत नाही. पण एक मान्य करतो: तोसुद्धा पुढे येऊन, स्वतःच्या शपथेवर ओढेल. गर्दीतला एक हात म्हणून नाही.

आपल्याजवळ ना ढाल, ना जखमा बऱ्या करणारा हात. एकट्यानं शंभर जणांपुढे उभं राहा, असं मी कुणाला सांगणार नाही. पण ११२ ला फोन करता येतो. ओळखीच्या माणसाला त्याच्या नावानं हाक मारता येते, "अरे, तू काय करतोयस?" नाव घेतलं की माणूस गर्दीतून थोडा बाहेर येतो. आणि निदान, आपला एक हात तरी खाली ठेवता येतो.

एसटी स्टँडवर त्या दिवशी मला कुणी नावानं हाक मारली असती तर, असं आता वाटतं.