ठगी खात्यातून राजकीय पाळतीकडे

राजकीय पाळतीचे खाते या देशात वाटमारी करणाऱ्या ठगांसाठी उघडलेल्या खात्याच्या पोटी जन्मले. १८३० च्या दशकात कंपनी सरकारने स्लीमनच्या हाताखाली ते उभे केले. ठगांचा बंदोबस्त झाला, खाते मात्र उरले. १८८७ साली राजकीय, सामाजिक व धार्मिक चळवळींची बातमी गोळा करणारी मध्यवर्ती विशेष शाखा त्यालाच जोडण्यात आली. १९०४ मध्ये ठगीचे नाव पुसून गुन्हे-गुप्तवार्ता खाते झाले. देशभक्त आणि दरोडेखोर सरकारच्या लेखी असे एकाच फडताळात गेले!

हत्यार कायद्याने पुरवले. १८८५ च्या तार कायद्याच्या कलम ५ ने सार्वजनिक सुरक्षिततेच्या नावाखाली तारा अडवण्याची मुभा दिली; १८९८ च्या टपाल कायद्याच्या कलम २६ ने पत्रेही त्याच कक्षेत आणली. न्यायालयाच्या परवानगीचे बंधन दोहोंतही नव्हते.

१९२४ च्या कानपूर खटल्यात मुंबईचे डांगे, बंगालचे मुझफ्फर अहमद, शौकत उस्मानी व नलिनी गुप्त यांना प्रत्येकी चार वर्षांची सक्तमजुरी झाली. मुख्य पुरावा होता टपालात अडवलेली पत्रे. पोलिसांनी त्यांची छायाचित्रे काढून ठेवली होती. (पक्षाचा इतिहास लिहिणाऱ्यांना आज तीच दप्तरे चाळावी लागतात.)

साम्राज्य १९४७ मध्ये गेले. ते दोन्ही कायदे २०२३ च्या नव्या कायद्यांनी रद्द केले. पण दूरसंचार कायद्याच्या कलम २० मध्ये व टपाल कायद्याच्या कलम ९ मध्ये अडवण्याचा अधिकार कायम आहे. दूरध्वनी ऐकण्याची परवानगी आजही गृहसचिव देतो, न्यायाधीश नव्हे.