अडीच इंच बर्फ



‘अमेरिकेतल्या गमतीजमती सांग,’ असा मला निरोप होता. गंमत नाही, पण एक फजिती सांगते. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आता परदेशी निघाली आहेत, त्यांना उपयोगी पडेल.

२८ जानेवारी २०१४, मंगळवार. आम्ही तेव्हा अटलांटात राहत होतो. हे शहर अमेरिकेच्या दक्षिणेतलं. तिथे बर्फ क्वचित पडतो, त्यामुळे रस्ते साफ करायची यंत्रं मोजकी आणि कुणालाच सवय नाही. त्या दिवशी पडला जेमतेम अडीच इंच. पण दुपारी शाळा, ऑफिसं, सरकारी कचेऱ्या सगळं एकदमच सुटलं आणि सगळं शहर रस्त्यावर आलं. चाकांखाली बर्फ वितळला आणि पुन्हा काचेसारखा गोठला. मीठ टाकणारे ट्रक त्याच गर्दीत अडकले. हजारो मुलांची रात्र शाळेत नाहीतर स्कूलबसमध्ये गेली.

माझी मुलगी पाच वर्षांची होती आणि नवरा कामासाठी भारतात आलेला. तिची शाळा ऑफिसपासून चौदा किलोमीटर. मी एक वाजता निघाले. खरं सांगू? मनात काळजीपेक्षा तोराच जास्त होता. पसरणी घाटात गाडी शिकलेली मी, मला हे रस्ते काय करणार!

संध्याकाळी सहापर्यंत जेमतेम सहा किलोमीटर झाले होते. एका साध्या उतारावर गाडी जराशी सरकली. घाटातल्या सवयीने मी कचकन ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग फिरवलं. ब्रेक लागला, पण गाडी थांबली नाही. आडवी होत होत कडेच्या कठड्याला टेकली, तेव्हा समोर आपली गाडी ढकलत असलेला माणूस हातभर अंतरावर होता. हे मी घरी कितीतरी वर्षं सांगितलं नव्हतं.

गाडी तिथेच सोडली आणि चालत निघाले. शाळेत पोचायला साडेनऊ वाजले. मुलं व्यायामाच्या गाद्यांवर झोपली होती, बाई जाग्या होत्या. त्यांचं स्वतःचं लहान मूल त्या रात्री शेजाऱ्यांकडे होतं. मी आभार मानू लागले, तर म्हणाल्या, ‘शेवटचं मूल गेल्याशिवाय मी कशी जाणार?’

नंतर यामागचं शास्त्र वाचलं, तर ते सगळं आपल्याकडचंच निघालं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठून हिमकण होतात, तेव्हा हवेचं तापमान बऱ्याचदा शून्याच्या वरच असतं. जमीन मात्र हवेपेक्षा गार झालेली असते. रस्त्याचंही तसंच. पुलाला तर वरून-खालून वारा लागतो, म्हणून तो आधी गोठतो. नुसता ओला वाटणारा पट्टा बर्फाचा असू शकतो. आणि मीठ कशाला? पॉट आइस्क्रीमच्या बर्फात खडे मीठ घालतो ना, तेच तत्त्व: खारं पाणी शून्याखाली गेल्याशिवाय गोठत नाही.

तेव्हा मुलांना एवढं सांगा. बर्फाचा इशारा असेल तर सगळे निघायच्या आधी निघा, नाहीतर निघूच नका. वेग कमी ठेवा, पुढच्या गाडीपासून भरपूर लांब राहा. गाडी घसरलीच तर पायाने घाई करू नका; जिकडे जायचं तिकडे बघत स्टिअरिंग हळूच वळवा. गाडीत पांघरूण, पाणी, शेंगदाण्याचे लाडू आणि चांगले बूट असू द्या.

आणि तोरा घरी ठेवा. सांगलीला वालचंदमध्ये शिकत असताना पावसाळ्यात जो तो विचारायचा, ‘आयर्विनला किती फूट?’ चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे सगळ्यांना पाठ. तरीही २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं आणि २००५ च्या खुणेवर विसंबलेले फसले. ओळखीची नदी अशी फसवते, तर अनोळखी बर्फाचं काय घ्या!

शेवटी एकच. सहलीची एसटी उशिरा आली की आपल्या बाई शेवटच्या मुलीचे वडील येईपर्यंत स्टँडवर थांबायच्या. ती शेवटची मुलगी बहुतेक वेळा मीच असायची. त्यांचं घर तेव्हा कोण सांभाळत होतं, हा विचार मला त्या अटलांटाच्या रात्रीपर्यंत कधी शिवला नव्हता. बाई, तुम्ही आज समोर बसला आहात. उशीर झाला, पण मनापासून धन्यवाद.