१६ सोल्दी रोजाचे देवदूत



मध्ययुगीन युरोपात चर्चच्या वेदीवर जी चित्रे मांडीत, त्यांतील देवदूतांविषयी मी आज बोलणार आहे. कामगार संघटनेच्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे आपणांस वाटेल. त्याला कारण एक करारनामा आहे.

इटलीतील सिएना नगरात मुख्य चर्चसाठी दुच्चो या चित्रकाराला वेदीचित्राचे काम मिळाले. ९ ऑक्टोबर १३०८ च्या करारात रोज ठरला १६ सोल्दी. अटी अशा, की दुच्चोने स्वतःच्या हातांनी रंगवावे, काम पुरे होईतो दुसरे घेऊ नये आणि खाडा झाल्यास त्या दिवसाचे पैसे कापावेत! साहित्य चर्चच्या कारभाऱ्यांचे. दुच्चोने घालायचे ते फक्त आपले शरीर आणि आपले श्रम.

त्या श्रमांतून काय निपजले ते पाहा. मध्ये सिंहासनावर मेरीमाता, मांडीवर बाळ येशू, भोवती संत आणि २० देवदूत. काही देवदूत सिंहासनावर हात टेकून, मान कलती करून उभे आहेत. घरातली माणसे नव्या बाळाभोवती जमावीत तसे. मागे आकाश नाही, नुसते सोने. लाकडी फळीवर सरस आणि पांढऱ्या चुनखडीसारख्या भुकटीचे थर, वर तांबडी माती, तीवर सोन्याचा वर्ख, आणि तो घोटून चकाकवलेला. रंग अंड्याच्या बलकात कालवलेले. ते झटकन वाळतात, म्हणून चेहरा बारीक रेघांनीच भरावा लागतो. स्वर्गाचे तेज असे थराथराने चढले आहे.

९ जून १३११ रोजी दुकाने बंद ठेवून, घंटांच्या गजरात नगराने ते चित्र मिरवीत चर्चमध्ये नेले. सिंहासनाच्या पायाशी दुच्चोने नगरासाठी शांती मागितली आहे, आणि नाव घालून स्वतःसाठी आयुष्य. १७७१ साली हेच चित्र करवतीने कापले गेले. बराचसा भाग आज सिएनाच्या संग्रहालयात आहे, काही तुकडे लंडनला आणि अमेरिकेत गेले.

कला दैवी असते, तिला रोजाचा हिशेब लावू नये, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. असे बोलून कलावंताला उपाशी ठेवणेही सोपे जाते. सिएनाने हिशेब केला, म्हणून देवदूतांचे पंख काही गळले नाहीत!

माझी तक्रार वेगळी आहे. फळ्या जोडणारा सुतार, वर्ख ठोकणारा कारागीर, हाताखालचे मदतनीस यांपैकी एकाचेही नाव त्या चित्रावर नाही. दुच्चोने स्वतःसाठी जे मागितले, ते त्यांच्यासाठी कोणी मागायचे? ते काम आपले आहे.