काठावरून पाण्याखाली

(गव्हाण येथे झालेल्या महिला मेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)

आजच्या मेळाव्यात मला ‘बचत गट आणि उपजीविका’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी बोलणार आहे ते मात्र पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी जाण्याबद्दल आणि तिथलं प्रवाळ बघण्याबद्दल. मागच्या रांगेत काहीजणी हसल्या, ते मला दिसलं. माझ्या एका सहकारी मैत्रिणीनंही विचारलं होतं, “अगं, पाण्याचा, रेशनचा, मारहाणीचा प्रश्न सोडून हे श्रीमंतांचं खूळ कशाला?” प्रश्न रास्त आहे. शेवटपर्यंत ऐका, मग मला दोष द्या.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही इथल्या नऊजणी सिंधुदुर्गात गेलो होतो. जायचं होतं वेंगुर्ल्याला. तिथल्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका २०१७ सालापासून पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. वल्हं बायकांच्या हातात असतं, आणि कोणतं झाड कुठलं, त्याच्या मुळांत काय राहतं, हेही त्याच सांगतात. ते बघून आपल्या खाडीत असं काही करता येईल का, हा आमचा हेतू. वाटेत मालवणला मुक्काम होता. मालवण म्हणजे आता स्कूबाचं गाव. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला, उथळ पाण्यात, खडकांवर प्रवाळ आहे. १९८७ साली सरकारने तो भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला, एकूण सुमारे २९ चौरस किलोमीटर. स्थानिक मच्छीमारांचा त्याला बराच विरोध झाला, तो आपल्याला समजू शकतो. रेषा नकाशावर आखायची आणि ज्यांची चूल त्या पाण्यावर चालते त्यांना नंतर सांगायचं, ही पद्धत आपल्या ओळखीची आहे.

प्रवाळ म्हणजे काय, हे थोडं सांगते. अंगठीतलं लाल पोवळं आपल्याला माहीत आहे. ते भूमध्य समुद्रातलं, निराळ्या जातीचं. मालवणला दिसतं ते दगडासारखं, पण दगड नव्हे. ते बारीक बारीक प्राण्यांचं एकत्र घर आहे. प्रत्येक प्राणी स्वतःभोवती चुन्याची वाटी बांधतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि आपल्या घरमालकाला देतं. पाणी फार तापलं की हे शेवाळ बाहेर टाकलं जातं, प्रवाळ पांढरं पडतं, आणि उष्णता टिकून राहिली तर मरतं. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ साली असं मोठ्या प्रमाणावर झालं, २०२४ मध्येही झालं. दुसरा शत्रू गाळ. प्रवाळावर गाळ बसला की ऊन पोहोचत नाही, प्राणी गुदमरतो. गाळाबद्दल गव्हाणच्या बायकांना मी काय सांगावं!

महाराष्ट्राचं खरं मोठं प्रवाळ फार आत आहे. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर समुद्रात बुडालेलं एक पठार आहे, त्याला अंग्रिया बँक म्हणतात, कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून. त्याचा सर्वात उथळ भागही सुमारे वीस मीटर खोल आहे. तिथे शास्त्रज्ञ जातात, हौशी माणूस जात नाही. आपण मालवणच्या किनाऱ्याजवळच राहू.

तर, आम्ही जेटीवर गेलो. तिकीट फाडणारा मुलगा आमच्याशी बोललाच नाही, तो आमच्या गाडीच्या चालकाशी बोलला. “लेडीज बसून बघतील ना?” मी म्हटलं, लेडीज उतरतील. मग अर्ज आला. दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाचा आजार, गरोदरपण, हे सारं विचारलं होतं. ते विचारायलाच हवं, कारण गरोदर बाईने असं खोल जाऊ नये हे खरं आहे. पण त्याच कागदावर खाली नवऱ्याची किंवा वडिलांची सही लागेल, असंही होतं. आमच्यात तीन विधवा आणि एक परित्यक्ता. मी विचारलं, पुरुष उतरताना बायकोची सही घेता का? त्यावर तो हसला आणि तो रकाना न भरताच अर्ज घेतला. म्हणजे नियम नव्हताच, सवय होती. मग एकीला हळूच विचारणा झाली, “पाळीबिळी नाही ना?” पाळीत पाण्याखाली जायला वैद्यकीय मनाई नाही, हे इथे मुद्दाम सांगून ठेवते, कारण या एका प्रश्नापायी दोघीजणी परत फिरणार होत्या.

कपडे बदलायला जागा म्हणजे दोरीवर टाकलेली ताडपत्री. अंगाला चिकटून बसणारा तो रबरी पोशाख घालून बाहेर यायचं म्हणजे आमच्या बायकांना समुद्रापेक्षा मोठं संकट वाटलं. मलाही वाटलं. एवढी शिबिरं घेतली, ‘माझं शरीर माझं’ असं किती वेळा फळ्यावर लिहिलं, आणि त्या ताडपत्रीमागे मी पोट आत ओढून उभी होते. शेवटी सगळ्यांत जाड होती ती पुढे झाली आणि म्हणाली, “बघतील तर बघू दे, पैशे आपन भरलेत.”

प्रत्यक्ष उतरणं अवघड नाही, पण विचित्र आहे. नाक काचेच्या मुखवट्यात बंद, श्वास तोंडाने घ्यायचा. कंबरेला शिशाची वजनं, नाहीतर माणूस तरंगतो. खाली जाताना कान दुखू लागतात, कारण पाण्याचा दाब वाढतो. दहा मीटरवर तो वरच्यापेक्षा दुप्पट होतो. नाक चिमटीत धरून हळूच हवा फुंकली की कान मोकळे होतात. आणि एक नियम कधीच मोडायचा नाही: श्वास कोंडून धरायचा नाही. वर येताना छातीतली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. आम्हाला फार खोल नेलं नाही, एका वेळी एकीला, प्रत्येकीला धरून. मी डोकं पाण्यात घातलं आणि पहिलं मिनिट नुसती घाबरले. मग लक्षात आलं की मला माझाच श्वास ऐकू येतो आहे, दुसरं काहीच नाही. ना फोन, ना कुणाची हाक. घर आणि संस्था सांभाळणाऱ्या बाईला अशी शांतता कधी मिळते? खडकावर तपकिरी, हिरवट प्रवाळ होतं, मेंदूसारख्या वळ्या असलेलं. पट्टेरी मासे अगदी तोंडाशी आले. ते का आले हे मला वर आल्यावर कळलं. फोटोसाठी त्यांना बिस्किटं टाकतात.

हे मला कुणी दाखवलं? गव्हाण कोळीवाड्यातल्या आमच्या एका मावशींनी. वय साठीच्या पुढे. चाळीसेक वर्षं त्या ओहोटीला चिखलात उतरून निवट्या, चिंबोऱ्या, कालवं काढत आल्या आहेत. त्या शेवटी उतरल्या. पाण्याची भीती नव्हती, तोंडाने श्वास घ्यायची होती. वर आल्या त्या रागावूनच. “त्या पोरानं जित्त्यावर पाय दिला. कालवाच्या खडकावर असा पाय देतो का कोन? आमी चिखलान सुदा बघून पाऊल टाकताव.” मग म्हणाल्या, “आनि मावऱ्याला बिस्कुट कशाला? त्याचा खाना त्याला ठावकी हाय.”

मैत्रिणींनो, मी तेच पाणी बघितलं होतं. मला सौंदर्य दिसलं. प्रवाळाला हात लावू नये, त्यावर उभं राहू नये, माशांना खायला घालू नये, हे पुढे मी वाचून समजून घेतलं. २००१ सालापासून प्रवाळाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचं, म्हणजे वाघाइतकं, संरक्षण आहे. मावशींनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. चिखलात वाकून घालवलेल्या चाळीस वर्षांनी त्यांना ते शिकवलं होतं. आणि हे ज्ञान आपल्याकडे कुठेच नोंदलेलं नसतं.

नोंदलेलं नसतं, हे मी अनुभवाने म्हणते. गेल्या काही वर्षांत निरनिराळ्या सर्वेक्षणांचे अर्ज भरायला मी इथल्या बायकांबरोबर बसले आहे. व्यवसायाच्या रकान्यापुढे बायकांनी स्वतःच सांगितलं, “घरकाम लिवा.” होडी नाही, जाळं नाही, परवाना नाही, म्हणजे मच्छीमार नाही! २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने उरण कोळीवाडा, हनुमान कोळीवाडा, बेलपाडा आणि आपला गव्हाण कोळीवाडा इथल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यावी असा निकाल दिला. तो आपल्या लोकांनी लढून मिळवला, त्याचं मोल मी जाणते. पण त्यातही मोजणी कुटुंबाची. भरतीची वेळ बोटावर मोजणारी त्या कुटुंबातली बाई वेगळी कधी मोजली जाणार, हा प्रश्न आपणच विचारायचा आहे.

बाईने समुद्रात उतरायचं नाही, ही काही सगळ्या जगाची रीत नाही. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर हवेच्या टाकीशिवाय, नुसता श्वास रोखून दहा मीटरपर्यंत बुडी मारणाऱ्या बायका आहेत, त्यांना हेन्यो म्हणतात. शंख, शिंपले, शेवाळ काढून त्यांनी संसार चालवले. १९३२ साली जपानी राजवटीच्या आशीर्वादाने चालणारी संघटना त्यांच्या मालाला पडता भाव देते म्हणून त्या हजारोंनी रस्त्यावर आल्या. साठच्या दशकात त्या वीस हजारांहून अधिक होत्या, आता तीन हजारांच्या आत आहेत, आणि बहुतेक साठीच्या पुढच्या. युनेस्कोने २०१६ साली त्यांच्या परंपरेला मानवजातीचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान दिला. मान मिळेपर्यंत मुली शहरात गेल्या होत्या, हा भाग वेगळा.

इतक्या लांबही जायला नको. तामिळनाडूत मन्नारच्या आखातात, रामेश्वरमच्या बाजूला, प्रवाळ बेटांभोवती बायका बुड्या मारून समुद्री शेवाळ काढतात. बोटांना चिंध्या गुंडाळतात, साडीवर शर्ट घालतात, डोळ्याला चष्मा लावतात. तिथे १९८६ साली सागरी राष्ट्रीय उद्यान झालं आणि ज्या बेटांवर त्यांच्या आया जात होत्या तिथे जाणं गुन्हा ठरलं. त्या नुसत्या रडत बसल्या नाहीत. महिन्यातले मोजकेच दिवस शेवाळ काढायचं, असं त्यांनी आपसांत ठरवलं आणि पाळलं. त्यांच्यातल्या लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ साली सीकॉलॉजी या संस्थेचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या बायकांना कुणी ‘डायव्हर’ म्हणत नाही. टाकी लावून तासभर उतरणाऱ्या माझ्यासारखीला मात्र प्रमाणपत्र आणि फोटो मिळतो.

मालवणात आम्ही ज्या घरी उतरलो होतो, तिथल्या वहिनींना मी विचारलं, तुम्ही कधी खाली गेलात का? त्या म्हणाल्या, “माका खंय वेळ! झील पाण्यात असता, मी तेचे टॉवेल धुतंय.” त्यांचा मुलगा पर्यटकांना पाण्याखाली नेतो. वहिनी पहाटे उठून सोलकढी आणि मासे करतात, खोल्या झाडतात. स्कूबामुळे घरात पैसा आला हे त्या कौतुकाने सांगत होत्या, आणि ते खरंच आहे. पण त्या दिवशी जेटीवर पाण्यात उतरवणाऱ्यांत मला एकही बाई दिसली नाही. आमच्यातल्या दोघींना परक्या पुरुषाने कमरेला धरलेलं नको होतं, म्हणून त्या न उतरता परतल्या. तिथे एक जरी प्रशिक्षित मुलगी असती तर त्या उतरल्या असत्या. रोजगार आणि सुरक्षितता हे दोन प्रश्न इथे एकच आहेत.

असं प्रशिक्षण घ्यायला काय लागतं ते मी विचारून आले. प्राथमिक प्रमाणपत्रावर १८ मीटरपर्यंत उतरता येतं. त्यासाठी न थांबता २०० मीटर पोहता आलं पाहिजे आणि दहा मिनिटं पाण्यावर तरंगता आलं पाहिजे. पदवी लागत नाही. इंग्रजी फाडफाड यावं लागत नाही. पोहता यावं लागतं. आणि इथेच आपण अडतो. खाडीच्या काठावर जन्मलेल्या मुली, भाऊ सातव्या वर्षी पाण्यात उडी मारतो, आणि हिला सांगतात, काठावर कपडे सांभाळ. आमच्या नऊजणींत पोहता येणाऱ्या किती होत्या? दोन. त्यातली एक मावशी, ती चोरून शिकलेली.

म्हणून परत आल्यावर आम्ही स्कूबाचं नाव बाजूला ठेवलं आणि पोहण्यापासून सुरुवात केली. शिकवायला बाई मिळाली आहे, आठवड्यातून दोन सकाळी. आतापर्यंत चौदा नावं आली आहेत, त्यांत एक सासू-सुनेची जोडी आहे. दोन मुलींच्या वडिलांनी आधी नाव दिलं आणि मग काढून घेतलं. त्यांच्याकडे आपण दोघी-तिघी जाऊन बसू, एकटीने जायचं काम नाही. मावशी ओहोटीचं वेळापत्रक आणि खाडीतल्या कालवांच्या जागा सांगणार आहेत, ते एका वहीत उतरवून घ्यायला लिहिती मुलगी हवी. पोहायच्या कपड्यांचं मात्र अजून ठरलेलं नाही. पंजाबी ड्रेस पाण्यात जड होतो, गुंततो, ते धोक्याचं आहे. त्यावर आत्ता चहानंतर बोलू. ज्यांना नाव द्यायचं असेल त्यांनी वही माझ्याकडून घ्या.