नावात ‘ळ’ असलेली मुलगी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात करोल बागेत भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



कार्यवाहांनी आम्हांस ‘बाळाचे नाव’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आम्ही ना भाषाशास्त्रज्ञ, ना साहित्यिक. आमची हयात केंद्र सरकारच्या फायलींवर टिपणे लिहिण्यात गेली. परंतु या विषयावर आमच्या घरात दोनदा महाभारत घडले आहे, हे कार्यवाहांना पक्के ठाऊक होते. तेव्हा ती हकीकत सांगतो. प्रत्येकाने आपापल्या घराशी ती ताडून पाहावी.

1996 साली आम्हांस कन्यारत्न झाले. त्या वेळी आमचे बिऱ्हाड येथेच, अजमलखान रोडच्या मागच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर होते. मुलीचे नाव ‘नव्हाळी’ ठेवावे, असे आम्ही उभयतांनी ठरविले. नव्या पिकाची, नव्या पालवीची जी टवटवी, ती नव्हाळी. शब्द अस्सल मराठी. आणि दिल्लीत वाढणाऱ्या मुलीजवळ आपल्या भाषेतले निदान एक अक्षर तरी कायमचे राहावे, हा त्यामागचा हेतू.

बारशासाठी वाईहून वडील आणि पुण्याहून आमची थोरली बहीण झेलम एक्सप्रेसने आली. पाळणा मंडळाच्याच एका सभासदांकडून आणला होता. आदल्या रात्री नाव जाहीर केले, आणि घरात जी शांतता पसरली ती आजही आठवते. प्रथम बोलल्या आमच्या सासूबाई. “ऐकायला गोड आहे हो, पण मुलीचे नक्षत्र रोहिणी. अक्षर ‘ओ’ नाही तर ‘व’ यायला हवे.” त्यांचे समाधान सोपे होते, जन्मनाव म्हणून ‘वाणी’ पत्रिकेत लिहिले. वडिलांचे तसे नव्हते. ते म्हणाले, “नव्याचे नऊ दिवस! नव्हाळी म्हणजे जी सरते ती. साठाव्या वर्षी या मुलीला लोक काय म्हणून हाक मारतील?” आणि थोडे थांबून म्हणाले, “आम्हाला वाटले होते, तू हिचे नाव रमा ठेवशील.”

रमा हे आमच्या आईचे नाव. ती जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. गेलेल्या आजीचे नाव नातीस द्यावे ही आपल्याकडची जुनी रीत; वडिलांची अपेक्षा अवाजवी नव्हती. आमचा हट्टही, खरे सांगायचे तर, सर्वस्वी भाषाप्रेमाचा नव्हता. घरात दिवसातून शंभर वेळा आईच्या नावाने हाक मारण्याची आमची तयारी नव्हती. हे त्या वेळी आम्ही वडिलांना सांगितले असते, तर पुष्कळ काही टळले असते. आम्ही मात्र भाषेवर व्याख्यान दिले.

दुसऱ्या दिवशी पाळण्याशी उभे असतानाही वडील तोच धोशा लावून होते. शेवटी बहीण वळून म्हणाली, “बाबा, आईचे नाव ठेवा म्हणता, पण कोणते? लग्नात तांदळाच्या ताटात तुम्ही अंगठीने लिहिलेत ते, की तिच्या आईबापांनी ठेवलेले?” वडील काही बोलले नाहीत. आईचे माहेरचे नाव यमुना होते, हे आम्हांस त्या दिवशी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी समजले. आत्याने बाळाच्या कानात ‘नव्हाळी’ म्हटले, रीतीप्रमाणे सर्वांच्या हातचे धपाटे पाठीत खाल्ले, घुगऱ्या वाटल्या गेल्या. वडील ठरल्यापेक्षा चार दिवस आधीच वाईस परतले.

नावांच्या बाबतीत आपण मराठी माणसे फार सनातनी आहोत, अशी आपली समजूत असते. तिला फारसा आधार नाही. मुले दगावत त्या घरात मागून झालेल्या मुलास धोंडू, दगडू, केरबा अशी नावे मुद्दाम ठेवीत. असल्या नावाच्या मुलाकडे मृत्यूची दृष्टी वळू नये, हा त्यातला आक्रोश. धोंडो हे नाव धारण करणाऱ्या अण्णासाहेब कर्व्यांना 1958 साली भारतरत्न मिळाले. नावावाचून कोणाचे काय अडते? लोकमान्यांचे ठेवलेले नाव केशव. टिकले ते घरातले ‘बाळ’. कुसुमाग्रज जन्माने गजानन. दत्तक गेल्यावर ते विष्णु वामन झाले. लताबाईंचे पहिले नाव हेमा. आणि विलक्षण नावाचे म्हणाल, तर 1933 साली शांतिनिकेतनात जन्मलेल्या एका बाळास रवींद्रनाथांनी ‘अमर्त्य’ हे नाव दिले. ते नाव पुढे साऱ्या जगाने उच्चारले.

आता दिल्लीने आमच्या मुलीच्या नावाचे काय केले ते ऐका. हिंदीच्या रोजच्या लेखनात ‘ळ’ नाही. अर्जाच्या खिडकीवरील गृहस्थांनी ते ‘नवाली’ असे लिहून घेतले. शाळेत ती ‘नेवाली’ झाली. मधल्या रकान्यातले आमचे नाव पाहून, “लड़की के नाम में लड़के का नाम क्यों?” असा प्रश्न दर वर्षी नव्या शिक्षिका विचारीत. ज्यांच्या घरी ज्ञानदा किंवा ज्ञानेश आहेत, त्यांना हे दुःख सांगावयास नको. आपला ‘ज्ञ’ येथे ‘ग्य’ होतो आणि रोमन लिपीतले आपले स्पेलिंग पाहून समोरचा माणूस गोंधळतो. मुलगी आठ वर्षांची असताना एकदा रडत घरी आली आणि म्हणाली, “माझं नाव नेहा ठेवा.” त्या रात्री आम्हांस वडिलांचे शब्द आठवले, आणि झोप आली नाही.

त्या काळात आम्हांस आधार मिळाला तो अनपेक्षित ठिकाणी. आमच्या खालच्या मजल्यावर एक वृद्ध पंजाबी बाई राहत; सारी गल्ली त्यांना बीजी म्हणे. फाळणीत लायलपूर सोडून आलेल्या. त्या पहिल्या दिवसापासून आमच्या मुलीस स्वच्छ, खणखणीत ‘ळ’ लावून हाक मारीत. आम्ही चकित झालो. पुढे कळले की पंजाबी बोलीत ‘ळ’ आहेच. गुरुमुखीत तो बहुधा वेगळा लिहीत नाहीत, इतकेच. हरियाणवीतही तो आहे. आणि ज्या अक्षरास आपण ‘आपले’ म्हणून कवटाळतो, ते ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत आहे. दिल्लीला ‘ळ’ येत नाही, अशी तक्रार आम्ही वर्षानुवर्षे करीत होतो. तो दिल्लीच्या जिन्यावर होता. फक्त अर्जावर नव्हता.

वडिलांचे सांगावयाचे राहिले. वर्षभर त्यांच्या पत्रांत मुलीचा उल्लेख ‘चि. बाळ’ एवढाच असे. तिच्या पहिल्या वाढदिवसास वाईहून एकशे एक रुपयांची मनीऑर्डर आली. कुपनावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते: ‘चि. नव्हाळीस अनेक आशीर्वाद.’ खाली दुसरे काही नव्हते. 2009 साली ते गेले, तोपर्यंत ती मनीऑर्डर एकदाही चुकली नाही. ती तेरा कुपने आमच्याकडे आहेत.

येथे सरकारी माणसाने दोन कामाच्या गोष्टी सांगाव्यात, म्हणून सांगतो. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार नाव ठरण्यापूर्वीही बाळाचा जन्म नोंदविता येतो. त्यानंतर बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येते. त्यापुढे विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. तेव्हा घरातील वाद मिटावयास सरकारने भरपूर मुदत दिली आहे. मात्र 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून सरकारी नोकरीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. म्हणून अर्जावरचे प्रत्येक अक्षर स्वतः वाचून मगच सही करावी. आम्ही ती केली नव्हती. दुरुस्तीस तीन वर्षे लागली.

आता दुसरे महाभारत. गेल्या वर्षी आमच्या नव्हाळीस मुलगी झाली. आम्ही मनात सुंदर, नवीन, कोठेही न ऐकलेली दहा नावे जमविली होती. मुलीने सांगितले, “बाबा, आम्ही तिचं नाव यमुना ठेवणार.” विहीणबाईंचा चेहरा उतरला. दिल्लीत यमुना म्हटले की माणसास कालिंदी कुंजजवळचा फेस आठवतो. आणि आम्ही? बंधुभगिनींनो, आम्ही चक्क म्हणालो, “अगं, किती जुनाट नाव! शाळेत मुली चिडवतील.” बोलताना कानावर पडलेला आवाज आमच्या वडिलांचा होता.

मुलगी म्हणाली, “आजीचं हे नाव लग्नाच्या दिवशी थांबलं. त्यानंतर कोणी तिला त्या नावाने हाकच मारली नाही ना?”

यावर टिपण लिहिण्यासारखे आमच्याजवळ काही नव्हते. आत्याबाई परदेशी असल्याने त्यांचा आवाज फोनवरून बाळाच्या कानाशी धरला. धपाटे मात्र कोणास मारावयाचे यावर थोडा वाद झाला. ते शेवटी फोन धरणाऱ्या जावयांनी खाल्ले. आमच्या बहिणीचे आता वय झाले आहे, तरी ती पुण्याहून आली होती. तिने पाळण्यात वाकून बाळास नावाने हाक मारली आणि लगेच तोंड फिरविले.

बाळाचे नाव कसे असावे, याचा निर्णय देण्याचा अधिकार आम्ही आमच्याकडे घेत नाही. एवढेच सुचवितो की घरातील वडीलधारी मंडळी एखाद्या नावास नको म्हणतात, तेव्हा त्यांना कोणते नाव हवे होते आणि का, हे शांतपणे विचारावे. आम्ही ते वेळेवर विचारले नाही. तसेच त्यांनीही, आम्ही रमा का नको म्हणतो, हे विचारले नाही. दोघांच्याही मनात एकच माणूस होते.

 चि. यमुना येथेच, तिसऱ्या रांगेत, झोपली आहे. टाळ्या हळू वाजवाव्यात, ही विनंती.