वाइनच्या पिंपातील यीस्टचा समाज



किण्वन म्हटले की पाठ्यपुस्तकातील समीकरण आठवते : ग्लुकोजच्या एका रेणूपासून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू. समीकरण अचूक आहे. परंतु ही क्रिया एकच सूक्ष्मजीव घडवतो, हा समज अपुरा आहे. वाइनच्या पिंपात यीस्टच्या अनेक जाती एकत्र नांदतात आणि त्यांच्या परस्परसंबंधांवर वाइनचा दर्जा अवलंबून असतो.

द्राक्षाच्या सालीवर हॅन्सेनियास्पोरा, मेट्श्निकोविया, पिकिया इत्यादी रानटी यीस्ट आढळतात. वाइनचे प्रमुख यीस्ट सॅकरोमायसिस सेरेव्हिसी तेथे अत्यल्प असते. रस काढल्यावर प्रथम रानटी जाती वाढतात. काही दिवसांत त्या ओसरतात आणि सॅकरोमायसिस किण्वन पूर्णत्वास नेते.

हा बदल का घडतो? वाढता मद्यार्क हे त्याचे प्रचलित उत्तर होय. परंतु ते एकमेव नाही. रसातील ऑक्सिजन संपतो. नत्रयुक्त पोषकद्रव्ये आणि थायमिन यांसाठी स्पर्धा होते. काही यीस्ट मारक प्रथिने स्रवतात. अशा यीस्टची नोंद १९६३ मध्ये झाली. मेट्श्निकोविया लोह बांधून ठेवते व इतरांची वाढ रोखते. सॅकरोमायसिसच्या दाट, जिवंत पेशींच्या प्रत्यक्ष संपर्कानेही काही जातींची वाढ थांबते, हे डेन्मार्कमधील निसेन, आर्नेबोर्ग आदी संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले.

हे ज्ञान महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले आणि नाशिक परिसरात वाइन उद्योग विस्तारला. उष्ण हवामानात द्राक्षे पिकताना साखर वाढते, आम्लता मात्र घटते. लॅकॅन्सिया थर्मोटॉलरन्स हे यीस्ट साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनवते. त्यामुळे वाइनचा तोल सुधारू शकतो. मात्र दोन्ही यीस्ट एकाच वेळी टाकल्यास सॅकरोमायसिस लवकर वरचढ ठरण्याची शक्यता असते. म्हणून लॅकॅन्सिया आधी आणि सॅकरोमायसिस एक-दोन दिवसांनी, असा क्रम ठेवला जातो. विलंब अधिक झाल्यास पोषकद्रव्ये संपून किण्वन अर्ध्यावर अडकते किंवा हॅन्सेनियास्पोरामुळे आंबूस दोष येतो. एका पिंपाचे असे नुकसान लहान उत्पादकाला परवडणारे नसते.

छत्तीसगडमध्ये मोहाची फुले पारंपरिक पद्धतीने आंबवतात, तेव्हाही परिसरातील यीस्टच कामाला येतात. अशी स्थानिक यीस्ट ही राष्ट्राची जैविक संपत्ती आहे. जैवविविधता अधिनियम, २००२ मधील जैविक संसाधनांच्या व्याख्येत सूक्ष्मजीवांचाही समावेश आहे आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. आयात केलेल्या यीस्टवरच विसंबण्याऐवजी स्थानिक जाती ओळखणे, त्यांचे परस्परसंबंध तपासणे आणि योग्य क्रमाने त्यांचा वापर करणे, हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढील कार्य आहे.